डोंगर चढला, लेणे वाचले का? जिंतूरच्या नेमगिरीच्या निमित्ताने

१/ परभणी म्हटले की गोदावरीचे खोरे, काळी जमीन, कापूस आणि ज्वारीची सपाट शेते डोळ्यांसमोर उभी राहतात. डोंगर कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक अजिंठ्याच्या डोंगररांगेची एक शाखा या जिल्ह्याच्या उत्तरेकडील जिंतूर तालुक्यातून जाते. जिंतूर शहराजवळच्या नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्यांवर दिगंबर जैन परंपरेतील लेणी आहेत. हा थ्रेड त्या लेण्यांविषयी आहे. त्याहून अधिक तो, तेथे जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीविषयी आहे.

२/ गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील तरुणाई मोठ्या संख्येने डोंगरांकडे वळली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या भटकंतीने इतिहासाला नकळत दोन मापे लावली. एक, चढ किती अवघड? दुसरे, स्थळ किती जुने? पहिल्या मापात कळसूबाई (१,६४६ मीटर) आणि साल्हेर (१,५६७ मीटर) बाजी मारतात. दुसऱ्या मापात ‘दोन हजार वर्षे जुने’ हे शब्द हुकमी ठरतात. नेमगिरी पहिल्या मापात मागे पडते. मग दुसऱ्या मापात तिला ओढूनताणून पुढे आणले जाते. दोन्ही गोष्टी तिच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत.

३/ चढाला ऐतिहासिक अर्थ नसतोच, असे नव्हे. नाणेघाटाचे उदाहरण घ्यावे. कोकणातून चढून माथ्यावर पोचल्यावर जे लेणे लागते, त्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख आहे. यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद त्यात आहे. तिथे चढ हाच एक पुरावा आहे. कोकणातील बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे जात असे. धापा टाकत चढणाऱ्याला त्या व्यापाराचे कष्ट पायांनी कळतात.

४/ नेमगिरीचा चढ वेगळ्या प्रकारे वाचावा लागतो. येथे वस्तीपासून थोडे दूर, पण वस्तीच्या आवाक्यात राहण्याची निवड दिसते. श्रमण परंपरांतील कित्येक स्थळे अशीच असतात. एकांत हवा, पण अन्नासाठी गावही हवे. पाणी साठवता यावे आणि खडक कोरता यावा. दख्खनचा बेसॉल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. त्यातील कोणता थर छिन्नीला साथ देईल, हे पाथरवटाला पाहावे लागे. तेव्हा टेकडी चढताना घड्याळाऐवजी खडकाकडे आणि पाण्याच्या जागांकडे पाहिले, तर चढ सार्थकी लागेल.

५/ नावाकडेही लक्ष द्यावे. नेमिनाथ हे बाविसावे तीर्थंकर, आणि त्यांचे निर्वाण परंपरेनुसार सौराष्ट्रातील गिरनारवर झाले. ‘चंद्रगिरी’ म्हणताच कर्नाटकातील श्रवणबेळगोळची टेकडी आठवते. दूरच्या तीर्थाचे नाव आपल्या भूमीतील टेकडीला देण्याची पद्धत भारतभर आढळते. ज्यांना गिरनारची यात्रा शक्य नाही, त्यांच्यासाठी गिरनार जवळ येतो. मात्र नावाच्या साम्यावरून काळ ठरत नाही. नाव कोरीवकामाइतके जुने असू शकते, तसेच ते शतकांनंतर मिळालेलेही असू शकते.

६/ नेमगिरीच्या दालनांत जाताना वाकावे लागते. प्रवेश लहान आणि आतील तीर्थंकरमूर्ती त्या मानाने भव्य. त्यांतील पार्श्वनाथांची मूर्ती ‘अंतरिक्ष’ म्हणून प्रसिद्ध आहे, कारण तिचा भार अगदी लहान आधारावर तोललेला दिसतो. (वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ ते निराळे, दोन्हींची गल्लत होते.) भाविकाला त्यात दैवी प्रभाव दिसतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ‘विज्ञानालाही न सुटलेले कोडे’ असली वाक्ये टाळावीत. दगडाचा तोल अचूक ओळखणारा कारागीर त्या एका वाक्याने इतिहासातून पुसला जातो.

७/ आता मुख्य प्रश्न : हे किती जुने? येथे एक साधे पथ्य पाळले, तरी निम्मे गोंधळ मिटतील. प्रत्येक लेण्याला किमान तीन तारखा असतात. खडक कोरला तो काळ, आज दिसणारी मूर्ती स्थापन झाली तो काळ, आणि दुरुस्ती किंवा जीर्णोद्धार झाला तो काळ. जुन्या लेण्यात नंतरची मूर्ती असते, जुनी मूर्ती नव्या बांधकामात असते. यांपैकी कुठल्याही एका तारखेवरून उरलेल्या दोन ठरवणे ही पद्धतच चुकीची आहे.

८/ जैन मूर्तींच्या पीठावर पुष्कळदा लेख असतो. त्यात वर्ष, महिना, तिथी, आचार्यांचे नाव, दात्याचे कुळ अशी माहिती येते. वर्ष शकात असेल तर त्यात साधारण ७८ मिळवावे; विक्रम संवतात असेल तर साधारण ५७ वजा करावेत. या दोन गणनांत घोटाळा झाला, तर स्थळ एका फटक्यात १३५ वर्षांनी सरकते. समाजमाध्यमांवरील अनेक ‘प्राचीनत्वाचे’ दावे या वजाबाकीपाशीच कोसळतात.

९/ महाराष्ट्रातील जैन वारसा खरोखर प्राचीन आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही. मावळातील पाले येथील लेण्यात अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची ती नोंद इसवी सनापूर्वीची मानली जाते. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकांतील. मनमाडजवळ अंकाई-टंकाईची लेणी त्यांच्याही नंतरची. नेमगिरीचे स्थान या मालिकेत कोठे, ते खांब, द्वारशाखा, मूर्तिलक्षणे आणि पीठलेख यांच्या तुलनेने ठरायला हवे. ते उत्साहाने ठरवण्याचे काम नाही.

१०/ याच संदर्भात परभणीच्या तरुणांना ठाऊक असायलाच हवा, असा एक दस्तऐवज आहे : परभणी ताम्रपट. शके ८८८, म्हणजे इ.स. ९६६. दाता वेमुलवाड्याचा चालुक्य सामंत तिसरा अरिकेसरी, राष्ट्रकूटांचा मांडलिक. दान घेणारे सोमदेवसूरी, म्हणजे शके ८८१ मध्ये ‘यशस्तिलक’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण करणारे आणि ‘नीतिवाक्यामृत’ लिहिणारे जैन आचार्य. अरिकेसरीचा पिता बद्देग याने बांधलेल्या ‘शुभधाम’ जिनालयासाठी एक गाव दान दिल्याची ही नोंद आहे.

११/ थांबा. ‘म्हणजे दहाव्या शतकात परभणीत शुभधाम जिनालय होते’ असे लगेच लिहू नये. ते जिनालय लेंबुळपाटक येथे, म्हणजे आजच्या तेलंगणातील वेमुलवाड्यात होते. ताम्रपट घराण्यांबरोबर, मठांबरोबर, कधी भंगारवाल्यांबरोबरही प्रवास करतात. सापडले ते ठिकाण आणि लिहिले ते ठिकाण एक असतेच, असे नाही. या पत्र्यावरून नेमगिरीचा काळ ठरत नाही. त्या काळच्या दख्खनमध्ये राजसत्ता, जैन आचार्य आणि देवस्थानांची व्यवस्था यांचे नाते कसे होते, ते मात्र लख्ख दिसते.

१२/ त्यातील एक गोष्ट आजच्या चर्चेच्या गाभ्याशी येते. असे दान देवालयाच्या पूजेसाठी असे, तसेच डागडुजीसाठीही असे. मध्ययुगीन दानलेखांत ‘खंडस्फुटित’ हा शब्द वारंवार येतो. मोडले, तडकले त्याची दुरुस्ती, असा त्याचा आशय. इमारत आज ना उद्या झिजणार, हे त्या लोकांनी गृहीत धरले होते. दुरुस्तीसाठी उत्पन्न लावून दिले, आणि ते तांब्यावर लिहून ठेवले. खर्चाची तरतूद आणि नोंद हातात हात घालून चालत होत्या.

१३/ आजच्या महाराष्ट्रात दुरुस्ती उदंड होते; नोंद होत नाही. कित्येक गावांतील प्राचीन मंदिरांना ऑइलपेंटचे थर चढले, गाभाऱ्यांना चकचकीत फरशी बसली, झिजलेल्या शिल्पांवर सिमेंटचे नाक-डोळे आले. हे करणाऱ्यांच्या मनात श्रद्धाच असते. परंतु रंगाखाली अक्षरे बुजतात, फरशीखाली जोत्याचे थर दिसेनासे होतात आणि छिन्नीच्या खुणा कायमच्या जातात. मग काळ ठरवायचा कशावरून? अशा पोकळीतच ‘दोन हजार वर्षे’ सुखाने राहू शकतात.

१४/ यावर काही इतिहासप्रेमींचे उत्तर तयार असते : देवस्थानांकडून ही स्थळे काढून घ्या, पूजा बंद करा, कुंपण घाला. हे उत्तर उतावळे आहे. नेमगिरी आज स्वच्छ आहे, तेथे दिवा लागतो, वाट चालती आहे, ती तेथील पूजापरंपरेमुळे. ज्या लेण्यांना पूजाही नाही आणि पहाराही नाही, त्यांच्या भिंतींवर बदामात कोरलेली नावे आणि कोपऱ्यात बाटल्या दिसतात. त्या नावांत देवस्थानाच्या कारभाऱ्यांची नावे नसतात; भटक्या तरुणांचीच असतात.

१५/ कायद्याच्या भरवशावर स्वस्थ बसणेही शक्य नाही. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षण देतात ते घोषित स्मारकांना. संपूर्ण देशात केंद्र-संरक्षित स्मारके सुमारे ३,७००. एकट्या मराठवाड्यातील मंदिरे, बारवा, वीरगळ आणि लेणी मनात मोजली, तरी हा आकडा किती तोकडा आहे ते कळते. बहुसंख्य वारसा हा नेहमीच गावाच्या हाती राहणार.

१६/ म्हणून मागणी एकच असावी, आणि ती व्यवहार्य असावी : दुरुस्तीआधी नोंद. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी छायाचित्रे, मोजमापे, पीठलेखांचे वाचन, आराखडा. देवस्थान, गावकरी आणि जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग यांनी एकत्र बसून केले, तर हे थोड्या दिवसांचे काम आहे. त्यात पूजेला बाधा नाही, श्रद्धेला धक्का नाही आणि खर्च फरशीपेक्षा खचितच कमी.

१७/ परभणी जिल्ह्याने अशा कामाचे उदाहरण घालूनही दिले आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने भरली होती. ती गावकऱ्यांच्या श्रमदानातून मोकळी झाली. जिंतूर तालुक्यातीलच चारठाण्याचा मंदिरसमूह आणि बारव आज अभ्यासकांना खेचून आणतात. २०२२ मध्ये टपाल खात्याने महाराष्ट्रातील बारवांवर चित्र-पोस्टकार्डे काढली, त्यांत या जिल्ह्यातील बारवांना स्थान मिळाले. बारवेसाठी जे जमले, ते लेण्यांसाठी न जमण्याचे कारण नाही.

१८/ नेमगिरीला जाणाऱ्यांसाठी काही पथ्ये. हे चालते तीर्थस्थान आहे. पादत्राणे बाहेर, चामड्याच्या वस्तू आणि मांसाहारी खाद्य सोबत नको. छायाचित्रासाठी आधी परवानगी विचारावी. नाही म्हटले तर वाद घालू नये. लेखावर खडू, पीठ, पाणी काहीही लावू नये. तिरपा उजेड पुरतो. देवस्थानातील वृद्धांना केवळ आख्यायिका विचारू नयेत. ‘येथे आधी काय होते आणि ते केव्हा बदलले?’ हेही विचारावे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील बदलांचा तो एकमेव दस्तऐवज असू शकतो, आणि तो दरवर्षी विरळ होत चालला आहे.

१९/ नाणेघाटात सातवाहनांचे पुतळे उरले नाहीत. पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली. तरीही ते कोण होते हे आज सांगता येते, कारण कुणीतरी लिहून ठेवले. नेमगिरीत मूर्ती आजही समोर उभ्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात जिंतूरची टेकडी चढणाऱ्याच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीबरोबर एक वही आणि मोजपट्टी असावी, इतकीच अपेक्षा.

(थ्रेड समाप्त)