निर्णय पदवीचा नव्हे, अकरावीचा

दोंडाईचा येथील बाजारात मिरचीचा भाव का चढला, का पडला, हे उलगडून सांगते ते अर्थशास्त्र. हाती असलेला माल, मजूर व गाड्या यांतून कमी खर्चात जास्त काम कसे काढावे, हे गणिताने सांगते ते ऑपरेशन्स रिसर्च. फळी वाया न जाऊ देता आखणारा सुतार रोज तोच हिशेब करतो.

हे दोन विषय एकमेकांचे वैरी नाहीत. लेनिनग्राडच्या गणितज्ञ कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूड उद्योगाने यंत्रांवरील कामाच्या वाटणीचा प्रश्न आणला. १९३९ साली त्यांनी त्याची रीत छापली. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आमचे मत असे : अर्थशास्त्राचे दार कला शाखेतूनही उघडते. ऑपरेशन्स रिसर्चची वाट मात्र बहुधा गणित, संख्याशास्त्र वा अभियांत्रिकीतून जाते. अर्थशास्त्राच्या वरच्या वर्गांतही गणित लागतेच. तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनो, हिशेब जमू लागला की दुकानावर बसवायची घाई करू नका. मुलगा असो वा मुलगी, बारावीपर्यंत गणित सुटू देऊ नका. मग विषयाची पसंती खुशाल त्यांच्यावर सोपवा.