चौथ्या वर्षाचे पाणी कोणाचे?

मराठवाड्यात दुष्काळ पडला की पावसाला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. पाऊस लहरी आहे, हे खरे. पण पाण्याचा हिशेब पाऊस मांडत नाही. तो माणसे मांडतात आणि कोणाची तहान मोजायची, हेही माणसेच ठरवतात.

जायकवाडीचेच पाहा. पैठणपर्यंत गोदावरीत १९६ टीएमसी पाणी मिळेल, असे धरून हे धरण आखले गेले. २००४ च्या फेरअंदाजात हा आकडा सुमारे ४० टीएमसीने खाली आला. तोवर वर नाशिक-नगरमध्ये धरणे उभी राहिली होती. तूट कोणी सोसायची? अर्थातच खालच्याने! समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला, तरी आपल्या वाट्यासाठी मराठवाड्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मागणीचा अंदाज तर याहून फसवा. सरकारी मापाने शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर, खेडुताला ५५. शेतीची मागणी हेक्टरवर मोजतात. मग ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या शेतमजुराची मागणी शून्य! उसाची मात्र निघते आणि आधी भागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; साखर कारखाने त्याच मुलखात उभे होते.

सिंचन प्रकल्प ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात. म्हणजे चारांपैकी तीन वर्षे पाणी मिळणार. चौथ्या वर्षी बागायतदार बोअर आणखी खोल नेतो. वस्तीवरची बाई टँकरच्या रांगेत उभी राहते आणि तिचे घर ऊसतोडीला निघते. जो ऊस पाणी पितो, तोच तोडायला!

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क बजावला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या नियोजनाचा पाया घातला. हक्काशिवाय नियोजन हा नुसता कागद असतो, हा त्यातला धडा आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीवर नव्हे, माणशी पाणी वाटले. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

आमचे म्हणणे सरळ आहे. हिशेब चौथ्या वर्षापासून सुरू करा. आधी प्रत्येक वस्तीचे पिण्याचे पाणी, मग भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाचा वाटा आणि उरले तर ऊस. हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्या हिशेबात आमची माणसे नाहीत, तो हिशेब आम्हाला मान्य नाही.