संशोधन मोजायचे कशाने?

अलीकडे दरवर्षी शास्त्रज्ञांच्या क्रमवारीच्या याद्या प्रसिद्ध होतात. कोणी किती शोधनिबंध लिहिले आणि इतर संशोधकांनी ते किती वेळा संदर्भासाठी वापरले, यावरून शास्त्रज्ञाचे मोठेपण ठरते. मोजणीला आपला विरोध नाही. बाईचे श्रम मोजलेच जात नाहीत, ही तर आपली जुनी तक्रार आहे. म्हणूनच या मोजणीत काय धरले जाते आणि काय सुटते, हे तपासायला हवे.

डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण घेऊ. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलताई हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या.

वरोऱ्याचे आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे, त्या आपल्या जिल्ह्याला त्यांचे कुष्ठरोगावरचे काम जवळचे वाटेल. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णापासून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. त्याला नाव मिळाले ते संस्थेचे, ‘आयसीआरसी’. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात शरीराच्या लढाऊ पेशी जंतूविरुद्ध उभ्याच राहत नाहीत. त्याच्याशी साम्य असलेला मृत जंतू टोचून त्यांना जागे करायचे, या कल्पनेवर पुढे डॉ. एम. जी. देव आणि सहकाऱ्यांनी लस तयार केली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू वाढवल्यापासून तोवर चाळीस वर्षे गेली होती. नियतकालिकाचा ‘प्रभाव’ मोजताना मात्र मागच्या दोनच वर्षांचे लेख धरतात!

रोग आटोक्यात आला तो मुख्यतः बहुविध औषधांमुळे. १९८३ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. तरीही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, आणि ते २०१९ पर्यंत तसेच राहिले. कायद्याची भाषा नवरा-बायको दोघांना सारखीच होती. पण जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिला अंगावरचा एक चट्टा माहेरी धाडायला पुरत होता. शोधनिबंधांनी एकमेकांचे दाखले दिले, पण कायद्याने त्यांचा दाखला घ्यायला छत्तीस वर्षे लावली. ही दिरंगाई कोणत्या यादीत मोजायची?

निवृत्तीनंतर कमलताईंनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. क्रमवारीत अशा कामाला रकाना नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या गडचिरोलीचे. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ चा ‘लॅन्सेट’मधील अभ्यास जगभर संदर्भासाठी वापरला गेला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. वसा आणि अमिर्झा या गावांतील या बायकांनी लाज-भीती बाजूला ठेवून तपासणीला होकार दिला, म्हणून तो आकडा जगाला कळला. शास्त्रज्ञांचे कष्ट यामुळे कमी ठरत नाहीत, पण त्या बायकांचा वाटाही विसरता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या गावात प्रश्नावली किंवा रक्ताच्या नळ्या घेऊन कोणी आले, तर त्यांना हाकलू नका. विज्ञान आपल्याला हवेच आहे. पण होकार देण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा. हे कशासाठी? निष्कर्ष आम्हाला आमच्या भाषेत कधी सांगाल? आजार सापडला तर उपचार कोण करील? उत्तरे गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि वर्षभराने ती वही घेऊन त्यांच्याकडे जा.

आणि मूलच्या ज्या मुली विज्ञान शाखेला जात आहेत, त्यांना कमलताईंचे नाव सांगा. जंतूला नाही मिळाले, निदान मुलींच्या तोंडी तरी ते राहू द्या.