पत्ता नाही, मग पोटही नाही?

2 जुलै 2019. मध्यरात्री मुंबईत मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्याच जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली. तीसच्या आसपास माणसे गाडली गेली, त्यांत कितीतरी कच्चीबच्ची. जेमतेम दोन-अडीच वर्षांची ती भिंत! पण चर्चा रंगली ती झोपड्या वनखात्याच्या जमिनीवर कशा, याचीच. वर्ष उलटले तरी वाचलेल्यांपैकी कित्येक कुटुंबे तिथेच ताडपत्रीखाली पावसाळा काढत होती. ज्यांची लेकरे गेली त्यांनाच कागद दाखवा म्हणणारे हे सरकार!

हीच निगरगट्ट वृत्ती आज दिंडोशीच्या रस्त्यावर दिसते. शेजारी सत्र न्यायालय, डोक्यावरून मेट्रो, पलीकडे गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावर हजारो कोटींची उधळण. आणि द्रुतगती मार्गाच्या कडेला दोन वर्षांचे पोर आईच्या लुगड्याच्या पट्टीने खांबाला बांधलेले. आई सिग्नलवर गजरे विकते. पोर सुटले तर थेट चाकाखाली जाईल. दुपारचे जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव. मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो त्या वयाला आम्ही दिलेला हा खुराक!

तिने अंगणवाडी गाठली तर? आधार आणा, पत्ता सांगा. पत्ता असता तर बाई रस्त्यावर कशाला आली असती? अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार, असे तो सांगतो. घरभाड्याची पावती मागत नाही. लाख लोकसंख्येमागे एक निवारा हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा दंडक. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. महापालिका त्या आकड्याच्या आसपासही फिरकलेली नाही. त्याच जनगणनेत सत्तावन्न हजारांवर बेघर मोजले गेले, तेही सापडले तेवढेच.

पैसा नाही म्हणता? देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेने हे म्हणावे, याला निलाजरेपणाच म्हणतात. रोषणाईला पैसा असतो. बाळाच्या खिचडीला मात्र फाइल फिरते. पदपथ मोकळे करायला गाडी येते तेव्हा भांडी, गोधडी आणि बाळाचे लसीकरणाचे कार्डही उचलून नेते. त्या गाडीसोबत कधी अंगणवाडी सेविका धाडलीत?

सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी बजावले आहे: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी होताच तीन महिन्यांत ती सुरू करा. दिंडोशीकरांनो, पुलाखालची, पदपथावरची, पाड्यावरची पोरे मोजा. चाळीस भरली की एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात लेखी मागणी टाका, पोच घ्या, आणि एक्याण्णवाव्या दिवशी दाराशी जाऊन जाब विचारा.