वाऱ्याच्या गावातले आई-बाबा

सुट्टी संपवून वसतिगृहात परतताना पोटात कसं कालवतं, ते तिथं राहणाऱ्यांनाच विचारा!

केनियात किजाबे नावाचं गाव आहे. मसाई भाषेत किजाबे म्हणजे वाऱ्याचं ठिकाण. तिथं १९०६ साली 'रिफ्ट व्हॅली अकॅडमी' ही निवासी शाळा सुरू झाली, आफ्रिकेत काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मुलांसाठी. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिच्या इमारतीची कोनशिला बसवली.

आई-वडील कितीतरी लांब. मग रात्री ताप आला, घरच्या आठवणीनं रडू फुटलं, तर? म्हणून परदेशातून माणसं सेवेला येतात. कुणी शिकवतं, कुणी वसतिगृहातले आई-बाबा होतं. खर्चासाठी आपल्या गावच्या चर्चमधून, ओळखीपाळखीतून देणग्या जमवतात.

या मुलांना 'तुझं गाव कोणतं?' विचारलं की ती गोंधळतात. पासपोर्ट एका देशाचा, बालपण दुसऱ्याच देशात! समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात अशा मुलांना नाव दिलं, 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं'. भारतात राहणाऱ्या परदेशी कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना ते सुचलं.

पण जीव लावलेले ताई-दादा वर्षभरात परत गेले, की मुलांना पुन्हा निरोप द्यावा लागतो. म्हणून जाण्याची हौस पुरत नाही. टिकून राहावं लागतं.

तुमच्या वर्गातही बदली होऊन आलेला एखादा नवा मुलगा असेल. डबा उघडताना त्याला हाक मारा. आणि हो, नुसतं पहिल्या दिवशी नाही, रोज!