डाग झाकावेत, जाळू नयेत

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी येते. रोलिंग मिल, मालट्रकांच्या रांगा, उरला-सिलतराच्या बाजूची काळी धूळ आणि मार्चपासूनच भाजून काढणारे ऊन. अशा ठिकाणी तरुण मुलीच्या गालावर मुरुमांचे डाग राहिले की दोन सल्ले हमखास मिळतात. काही लावू नकोस, वय सरले की आपोआप जातील, हा एक. मेडिकलमधून अमुक ट्यूब आण, पंधरा दिवसांत चेहरा साफ होईल, हा दुसरा. तिने कन्सीलर लावून डाग झाकायचे ठरवले, तर मात्र तोंडाला रंग फासून कुठे निघालीस, असे घरातच ऐकून घ्यावे लागते. माझ्या मते या तिन्हींत सर्वांत कमी अपाय करणारी गोष्ट तीच आहे, जिची आपण टिंगल करतो. आणि सर्वांत घातक ती, जिला औषध समजून आपण निमूट पैसे मोजतो.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा, कारण जाहिराती तो सोयीने पुसून टाकतात. मुरुम बसल्यावर मागे जे राहते ते दोन प्रकारचे असते. एक नुसता रंगाचा डाग. सूज आलेल्या जागी मेलॅनिन जास्त तयार होते आणि गव्हाळ, सावळ्या त्वचेवर काळसर ठिपका उरतो. तो वरच्या थरातला असेल तर उन्हापासून जपल्यास काही महिन्यांत फिकट होतो. ॲझेलाइक आम्ल, नियासिनामाइड यांसारख्या द्रव्यांची त्याला मदत होते. दुसरा प्रकार खड्ड्यांचा. आतले कोलॅजेन नष्ट झाल्यामुळे तिथे त्वचाच खचलेली असते, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातली कोणतीही क्रीम ती भरून काढत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाचा हात लागतो: बारीक सुयांचे मायक्रोनीडलिंग, त्वचेला खाली ओढून धरणारे तंतू सुईने सोडवणारे सबसिजन, अरुंद खोल छिद्रांत ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब, फ्रॅक्शनल लेसर. यांतले काहीच एका बैठकीत आटपत नाही, आणि गाल पूर्वीसारखा सपाट होईल असे प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर लेसरचा जोर चुकला तर खड्ड्याभोवती नवा काळा डाग पडतो. डाग आणि खड्डे दोन्ही गायब करण्याची हमी देणारी डबी म्हणूनच निदान अर्धे तरी खोटे बोलत असते.

आता ती ट्यूब. १९७५ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण त्वचेचा रंग उतरवण्यासाठी सुचवले. डॉक्टरच्या देखरेखीखाली, वांगासारख्या विकारावर, ठरावीक मुदतीपुरते त्याला आजही स्थान आहे. आपल्याकडे मात्र त्याच धर्तीच्या ट्यूबा गोरेपणाची आणि डागांची क्रीम म्हणून काउंटरवरून विकल्या गेल्या. स्टेरॉइडने सूज दबते, रंग उजळतो, पहिले काही आठवडे चेहरा खरोखर तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि लावणे थांबवले की चेहरा लाल होऊन आग आग होते. घाबरून मुलगी पुन्हा तीच ट्यूब आणते. हा अपवादाचा प्रकार नव्हे. देशभरातील त्वचारोग केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या जवळपास ६० टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवले होते, आणि सुमारे एक चतुर्थांश लोक ते मुरुमांवरच लावत होते. छत्तीसगडपुरते बोलायचे तर बस्तरमधला २०१४ चा अभ्यास आहे. तिथे ६,७२३ नव्या रुग्णांपैकी ३७९ जण अशा मलमांच्या दुष्परिणामांनी त्रस्त होऊन आले होते, आणि दुष्परिणामांत सर्वांत वर होते मुरुम! डाग घालवायला आणलेली वस्तू डागांचे बीजच पेरत होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल केला. काउंटरवर तो पाळला जातो का, हे पाहणे औषध निरीक्षकांचे काम आहे. लेबल नसलेल्या क्रीमचा धोका तर आणखी वेगळा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्याचा माग स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत गेला.

मेकअपने रंध्रे बुजतात आणि मुरुम वाढतात, हा आक्षेप निराधार नाही. प्रसाधनांमुळे होणाऱ्या मुरुमांचे वर्णन १९७२ मध्ये केले तेही याच क्लिगमन यांनी, सहकारी मिल्स यांच्यासोबत. पण तेव्हाची तेलकट, मेणचट प्रसाधने आणि आजची हलकी, पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारलेली प्रसाधने यांत बराच फरक पडला आहे. २००६ मध्ये जपानमध्ये मुरुम असलेल्या स्त्रियांना त्वचारोगतज्ज्ञांनी मेकअप कसा करावा हे शिकवले. त्यांचे मुरुम वाढले नाहीत आणि मनावरचा ताण हलका झाला. शिकवले, हा शब्द महत्त्वाचा. सावळ्या त्वचेवरचा काळसर डाग गोऱ्या छटेच्या कन्सीलरने राखाडी दिसतो. त्याखाली आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा करेक्टर अगदी थोडा लावावा लागतो. आणि रंगाने रंग झाकता येतो, खोली झाकता येत नाही. बाजूने येणाऱ्या उजेडात खड्ड्याची सावली पडतेच, त्यावर फाउंडेशनचे थर चढवले तर तो उलट जास्त उठून दिसतो. रात्री सगळे सौम्यपणे धुऊन काढणे हे तर ओघाने आलेच. या बाजूने बोलणारा आणखी एक पुरावा आहे, आणि भनपुरीत त्याची गंमत वाटावी. साधे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, पण सावळ्या त्वचेवरचे डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात. तो अडवायला उपयोगी पडते आयर्न ऑक्साइड, म्हणजे फाउंडेशनला आणि रंगीत सनस्क्रीनला तपकिरी छटा देणारे तेच रंगद्रव्य. लोखंडाच्या या गावात लोखंडाचेच एक संयुग गालाचे रक्षण करू शकते. झाकणे आणि जपणे ही इथे एकच क्रिया होते.

यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळा आहे. डाग झाकायला शिकवणे म्हणजे डाग ही लाजेची गोष्ट आहे हे मान्य करणे नव्हे का? मुलींनी डागांसकट ताठ मानेने फिरावे, असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मात्र मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे किंवा नोकरीच्या मुलाखतीत त्या ताठ मानेची किंमत ती एकटी मोजते, सल्ला देणारे मोजत नाहीत. आणि झाकणे व गोरे होणे यांची गल्लत करू नये. स्वतःच्या रंगाची छटा निवडून एक ठिपका झाकणारी मुलगी आपला रंग नाकारत नाही. अख्खा चेहरा दोन छटा उजळ करायला निघालेली ट्यूब नाकारते. मेकअप संध्याकाळी धुऊन निघतो. स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा इतक्या सहज परत येत नाही.

झाकणे म्हणजे उपचार नव्हे, हे मात्र मान्यच. खाली मुरुम पिकत असतील तर वरून कितीही नीट झाकले तरी नवे खड्डे पडत राहणार. वय सरण्याची वाट पाहा, हा सल्ला इथेच फसतो. उपचाराला जितका उशीर तितके व्रण जास्त, हे ब्रिटनमधल्या १९९४ च्या अभ्यासाने दाखवून दिले. अडापलिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल २४ आठवडे फक्त अर्ध्या चेहऱ्यावर लावून केलेल्या चाचणीत औषधाच्या बाजूचे खड्डे सुमारे १५ टक्क्यांनी घटले आणि दुसऱ्या बाजूचे जवळपास तितकेच वाढले. तज्ज्ञाची फी परवडत नाही म्हणून लोक मेडिकलच्या काउंटरवर जातात, हे खरे आहे. पण रायपुरात आंबेडकर रुग्णालय आणि एम्स अशी दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत आणि दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. सकाळची रांग आणि एक बुडालेला रोज हा खर्च कमी नाही, तरी वर्षभर विकत घेतलेल्या ट्यूबांच्या पुढे तो जड भरणार नाही. गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या स्त्रियांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अडापलिन, ट्रेटिनोइनसारखे रेटिनॉइड लावूच नये. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या गर्भाला उघड घातक आहेत.

या सगळ्यात मुलगे कुठे बसतात, याचा विचार फारसा होत नाही. मुरुम त्यांना कमी येत नाहीत, खोल खड्डे त्यांच्याही गालांवर पडतात. मिलच्या पाळीवर जाणाऱ्या मुलाने कन्सीलर लावला तर मुलीपेक्षा दसपट थट्टा होईल, म्हणून त्याच्यापुढे न दिसणारा उपायच उरतो, आणि न दिसणारा उपाय म्हणजे पुन्हा तीच ट्यूब. २०११ च्या पाहणीत दाढीनंतर लावायचे क्रीम म्हणून स्टेरॉइड चोळणारे पुरुषही सापडले होते.