पथ्य ठाऊक आहे, पण पाळायचे कोणाच्या वेळेत?

वणी : सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून अंग जपावे, अतिश्रम टाळावेत, गोळी चुकवू नये आणि ताप आल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात. वैद्यकीय दृष्टीने या सल्ल्यात खोट काढण्याजोगे काहीही नाही. मात्र ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हाती आहे, अशाच माणसासाठी तो बेतलेला आहे. वणी परिसरात ही अट फार थोड्यांना लागू पडते.

दिंडोरी तालुक्यातील वणी ही द्राक्षपट्टा आणि सुरगाणा-कळवणचा आदिवासी पट्टा यांना जोडणारी बाजारपेठ आहे. भाताची कापणी उरकली की सुरगाणा, पेठ भागातील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीसाठी उतरतात. सिकलसेल हा अनुवंशिक आजार देशात ज्या समाजांत प्रामुख्याने आढळतो, त्यांत आदिवासींचा वाटा मोठा आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यातून हाडे-सांध्यांच्या असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारे संसर्ग असे दुखण्यांचे सत्र सुरू होते. अंगातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि थंडी ही वेदनेच्या झटक्याची नेहमीची निमित्ते होत.

आता द्राक्षाचा हंगाम पाहावा. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या महिन्यांत घड संजीवकाच्या द्रावणात बुडविण्याचे काम, म्हणजे ‘डिपिंग’, चालते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात हात तासन्‌तास ओले राहतात. निफाड-दिंडोरीची थंडी राज्याला परिचित आहे. पुढे विरळणी, आणि जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत काढणी. यातील बरेचसे काम टोळीने, उक्ते, एकरी दराने घेतले जाते. एकाने विसावा घेतला की त्याच्या वाट्याचे काम इतरांवर पडते. साहजिकच दुखणे लपविण्याकडे कल राहतो. पाण्याचीही हीच गत. शेतात आडोसा नसेल तर बाई दिवसभर पाणी पिणेच टाळते. तिला पाण्याचे महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी तो चुकीचा आहे.

औषधाबाबतही असेच म्हणता येईल. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ सालापासून सिद्ध आहे. पण ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि ठराविक काळाने रक्ततपासणी करावी लागते. गरोदरपणाचा विचार असल्यास आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक ठरते. वणीत ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय सुमारे ४० किलोमीटरवर नाशिकला. उपचारासाठी जाणाऱ्या सिकलसेल रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, ही सवलत मोलाची खरीच. बुडालेला रोज मात्र ती भरून देत नाही.

पंतप्रधानांच्या हस्ते १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे. तपासणीचा आकडा मोजता येतो, म्हणून बैठकांत तोच पुढे येतो. तपासणीत रुग्ण ठरलेल्या मुलाची गोळी पाच वर्षांनंतर चालू आहे काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. आणि रुग्णाचे आयुष्य ठरते ते त्यावरच. निर्मूलन हा शब्द विवाहपूर्व समुपदेशनाला उद्देशून असेल तर समजण्याजोगा आहे. जे आज या आजारासह जगत आहेत, त्यांना त्यातून काय मिळाले, हे वेगळे विचारावे लागेल.

कायद्याचेही तसेच. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश २१ प्रकारांत झाला. पण सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण देणाऱ्या कलम ३४ मधील प्रकारांत या आजाराचे नाव नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्यानंतर ज्या बैठ्या कामाची या तरुणाला खरी गरज असते, तेथे सवलत संपते आणि तो पुन्हा बागेत येतो.

वास्तविक, बागेत काही करणे अशक्य नाही. युरोपला द्राक्षे पाठविणारे बागायतदार ‘ग्लोबलगॅप’ प्रमाणपत्र घेतात. मजुरांसाठी पिण्याचे स्वच्छ पाणी, स्वच्छतागृह, हात धुण्याची सोय आणि संरक्षक कपडे या बाबी त्या तपासणीत विचारल्या जातात. म्हणजे परदेशी ग्राहकाच्या समाधानासाठी ही व्यवस्था काही बागांत उभी राहिली आहे. स्थानिक बाजारासाठी पिकविणाऱ्या शेजारच्या बागेला ती विचारणारा कोणी नाही. डिपिंगसाठी जलरोधक हातमोजे, ऊन चढल्यावर कामाची सुरुवात आणि सिकलसेलचा मजूर टोळीत असल्यास त्याला बांधणी किंवा पॅकिंगचे कोरडे काम, एवढ्यासाठी कोणत्याही मोहिमेची वाट पाहावी लागत नाही. उचल देताना मुकादम व बागायतदार यांच्यात दर ठरतो, त्याच वेळी हेही ठरू शकते.